घराचं काम काढताय? काँट्रॅक्टरशी बोलायचं कसं: कोटेशनपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

"ओटा जरा उंच घ्या" असं सांगितलं की मिस्त्री "हो" म्हणतो. तुमच्या मनात ३५ इंच असतात. त्याने मागच्या साइटवर ३१ इंचांचा ओटा केलेला असतो, म्हणून तो इथे ३२ करतो आणि त्याच्या हिशेबाने त्याने 'जरा उंच' केलेलं असतं. कडाप्पा बसतो, वर ग्रॅनाइट बसतं, आणि मग आवाज चढतात. यात खोटं कोणीच बोललेलं नसतं.

घरकामातली बहुतेक भांडणं अशीच उगवतात. काँट्रॅक्टर लबाड निघाल्याच्या गोष्टी आपण चवीने सांगतो, आणि तसे काही असतातही. पण त्याहून कितीतरी जास्त घोळ 'जरा', 'चांगलं', 'साधारण', 'लवकर' या शब्दांनी घातलेले असतात. काँट्रॅक्टरशी बोलताना विशेषण टाळून माप, जागा, तारीख आणि खर्च कोणाचा, एवढं सांगता आलं की निम्मं काम सोपं होतं. ते प्रत्येक टप्प्यावर कसं करायचं, हे पुढे क्रमाने दिलं आहे. डोळ्यासमोर आहे तो पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांतला सोसायटीमधला २५-३० वर्षं जुना दोन बेडरूमचा फ्लॅट: दोन्ही बाथरूम, स्वयंपाकघर, वायरिंग, फरशी आणि रंग.

१. बोलावण्याआधी घरात ठरवा

काँट्रॅक्टरसमोर नवरा-बायकोने टाइलच्या रंगावरून वाद घालायला सुरुवात केली की तो शांतपणे उभा राहतो आणि मनातल्या मनात कोटेशन वाढवतो. कारण त्याला अनुभवाने माहीत असतं, या घरात गोष्टी दोनदा तुटणार.

दोन याद्या करा. पहिली, काय बदलायचं. ही सगळेच करतात. दुसरी, कशाला हात लावायचा नाही. ही सहसा कोणी करत नाही आणि नुकसान मात्र तिथेच होतं. देवघराचं जुनं सागवानी दार, बाल्कनीतली ग्रिल, हॉलमधली शाबूत मोझॅक, आजोबांनी बसवून घेतलेलं कपाट. तोडफोडीच्या दिवशी येणारे बिगारी वेगळे असतात, त्यांच्याशी तुमचं काहीच बोलणं झालेलं नसतं. 'हे राहणार' असं खडूने किंवा चिकटपट्टीवर लिहून त्या वस्तूवरच लावा.

सोसायटीची लेखी परवानगी आधी काढा आणि तिच्या अटी काँट्रॅक्टरला पहिल्याच भेटीत दाखवा: कामाच्या वेळा, दुपारच्या शांततेत ठोकाठोकी बंद, लिफ्टमधून सिमेंटची पोती न्यायची की नाही, डिपॉझिट, राडारोडा कुठे ठेवायचा. दुपारचे दोन तास हातोडा बंद राहणार असेल तर त्याच्या दिवसाचा हिशेबच बदलतो. हे त्याला काम सुरू झाल्यावर वॉचमनकडून कळता कामा नये.

इमारत नवी असेल तर आणखी एक. रेरा (रिअल इस्टेट नियमन) कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरची असते. या मुदतीत बाथरूम फोडणार असाल तर आधीच्या गळतीची तक्रार बिल्डरकडे लेखी नोंदवून, फोटो काढून मगच हातोडा घ्या. नंतर "तुम्हीच तोडलंत" हे उत्तर ठरलेलं आहे. आणि कॉलम, बीम, स्लॅब हा चर्चेचा विषयच नाही. जुन्या लोड बेअरिंग इमारतीत तर साधी दिसणारी भिंतही वरचं वजन पेलत असते. काँट्रॅक्टर "काही होत नाही, खूप ठिकाणी केलंय" म्हणाला तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. पहिली भेट

"स्क्वेअर फुटाला किती पडेल?" हा पहिला प्रश्न नको. त्याचं उत्तर कोणीही काहीही देऊ शकतो. हे विचारा:

साइटवर रोज कोण असणार, तुम्ही की मुकादम? त्याचा नंबर? सध्या किती साइट चालू आहेत? सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन तुमचे कायमचे की कामापुरते आणलेले? मटेरियल कोण आणणार, आणि दुकानातून साइटपर्यंतचं भाडं व वर चढवायची हमाली कोणाकडे? राडारोडा कितीच्या हिशेबाने, ब्रासवर (१०० घनफुटांवर) की टेम्पोच्या खेपेवर? कामाच्या काळात तुमची माणसं गावी जाणार आहेत का?

शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण वेळापत्रक त्यावर उभं असतं. बिहार-उत्तर प्रदेशकडची माणसं होळीला आणि छठला जातात, कोकणातली गणपतीला, मराठवाड्याकडची पेरणीच्या दिवसांत. "दिवाळीच्या आत घर देतो" हे वाक्य ऐकायला गोड असतं, पण रंगाचं काम पावसाळ्यात येत असेल तर भिंत वाळायलाच वेळ लागतो, हे त्या वाक्यात धरलेलं नसतं. हे सगळं कॅलेंडर समोर ठेवून बोला.

त्याचं एक पूर्ण झालेलं आणि एक चालू काम बघायला मागा. चालू साइट जास्त बोलकी असते: सिमेंटची पोती जमिनीवर टेकवून ठेवलीत की फळीवर, उघड्या वायरी लोंबतायत का, मालकाच्या राहिलेल्या सामानावर प्लास्टिक आहे का. जुन्या घरमालकाला "काम कसं झालं?" विचारलं की "छान" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, "नंतर काही निघालं तेव्हा बोलावल्यावर आले का? किती दिवसांनी?"

३. कोटेशन वाचताना

"बाथरूम रिनोव्हेशन, दोन नग, लमसम" असं एका ओळीत लिहिलेलं कोटेशन म्हणजे कोरा चेक. शांतपणे परत द्या आणि म्हणा, "आयटमवार करून द्या ना. मला घरी दाखवायचंय." या कारणाचं कोणालाच वाईट वाटत नाही.

प्रत्येक आयटमसमोर माप, एकक, दर, आणि मटेरियलचं नाव व प्रत हवी. 'चांगलं प्लाय' असं नको. 'बीडब्ल्यूपी, आयएस ७१०, १८ मिमी, अमुक कंपनी' असं हवं; बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्याला टिकणारं, आयएस ७१० हा त्याचा भारतीय मानक क्रमांक. 'ब्रँडेड वायर' नको, लाइट-पंख्याला १.५, प्लगला २.५, गिझर आणि एसीला ४ चौरस मिमी, कंपनीच्या नावासकट. बाथरूमच्या गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप. लॅमिनेट १ मिमी की ०.८, ते लिहून. वॉटरप्रूफिंगला कोणतं केमिकल, किती हात, आणि भिंतीवर किती फुटांपर्यंत चढवणार.

मापावरून होणारा वाद तर ठरलेलाच. रंगाच्या आणि प्लास्टरच्या मापात दार-खिडकीची जागा वजा करायची की नाही? भारतीय मानक आयएस १२०० मध्ये याची रीत दिली आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं उघडं वजा होत नाही. अर्धा ते तीन चौरस मीटर असेल आणि दोन्ही बाजूंना सारखंच काम असेल तर एकाच बाजूचं वजा होतं. तीनपेक्षा मोठं असेल तर पूर्ण वजा होऊन कडांचं काम वेगळं धरलं जातं. सात फूट बाय तीन फुटांचं नेहमीचं दार सुमारे दोन चौरस मीटर, म्हणजे मधल्या गटात. तुम्ही हीच रीत वापरा असं नाही, पण कुठली वापरणार ते दर ठरवतानाच बोला. काम झाल्यावर टेप घेऊन उभं राहिलं की दोघांनाही आपापलं माप खरं वाटतं.

जीएसटीचंही तसंच. "टॅक्स वेगळा" हे शब्द बिलाच्या दिवशी कानावर पडायला नकोत. मटेरियलसह दिलेल्या अशा कामावर दर १८ टक्के आहे. नोंदणी नसलेला छोटा काँट्रॅक्टर तो लावूच शकत नाही. आकडा टॅक्ससह की शिवाय, हे कोटेशनवरच लिहून घ्या.

तीन कोटेशन आली आणि एक फारच कमी असेल तर त्यात काय नाही ते शोधा. बहुधा राडारोडा, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची टाइलची पट्टी), जुन्या पाइपांची काढणी किंवा पुट्टीचा दुसरा हात गायब असतो.

४. दोन पानांचा करार

वकिली मराठीची गरज नाही. कोटेशन सोबत जोडा आणि साध्या भाषेत लिहा: काम कधी सुरू, कधी पूर्ण, हप्ते कशावर, वाढीव काम लेखी होकाराशिवाय नाही, गळतीची जबाबदारी किती काळ, आणि दोन्ही बाजूंनी कोण बोलणार.

हा शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. साइटवर सकाळी बाबा येतात आणि "कमोड भिंतीकडे सरकवा" सांगतात. दुपारी ताई येतात आणि "नको, आहे तिथेच" म्हणतात. संध्याकाळी मुकादम दोघांचंही ऐकून तिसरीकडेच बसवतो. घरातल्या एकाच माणसाने सूचना द्यायच्या, बाकीच्यांनी त्या माणसाला सांगायचं. तुम्ही दुबईत किंवा अमेरिकेत आणि काम सांगलीच्या घरी चालू असेल, तर इथे उभा राहणारा भाऊ-मेहुणा किती रुपयांपर्यंतचा निर्णय स्वतः घेऊ शकतो, हेही लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, तोही टेप हातात घेतलेल्या माणसासोबत.

मिस्त्रीला थेट हुकूम सोडण्याचा मोह आवरा. तो काँट्रॅक्टरचा माणूस आहे. तुमच्या सांगण्यावरून त्याने काही केलं आणि चुकलं तर ते कोणाच्याच हिशेबात बसत नाही. काही धोक्याचं दिसलं तर मात्र "मिस्त्री, हात थांबवा" म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. थांबवा, मग काँट्रॅक्टरला फोन करा.

५. लेव्हलची रेघ

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या.

"स्विचबोर्ड चार फुटांवर" असं तुम्ही म्हणता. चार फूट कुठून? जुन्या फरशीपासून? फरशी काढल्यावर दिसणाऱ्या स्लॅबपासून? की नव्या टाइलच्या वरच्या पातळीपासून? जुन्या फरशीवरच नवी बसवायची असेल तर पातळी इंच-दीड इंच वर येते. फरशी काढून टाकली असेल तर इलेक्ट्रिशियन आज ज्या जमिनीवर उभा आहे ती उद्या दोन-तीन इंच वर जाणार आहे. तो आपल्या पायाखालून मोजतो, प्लंबर दाराच्या उंबऱ्यापासून मोजतो, सुतार त्याच्या मापाने येतो. मग ओट्यावरचा प्लग नेमका डॅडोच्या (ओट्यामागच्या भिंतीवरच्या) टाइलच्या सांध्यावर येतो आणि किचनच्या ट्रॉलीमागे पाण्याचा कॉक अडकतो.

उपाय अगदी स्वस्त आहे. तोडफोड संपली की काँट्रॅक्टरला सांगा, "तयार फरशीपासून बरोबर एक मीटरवर सगळ्या खोल्यांत लेव्हलची रेघ मारून द्या." लेझरने किंवा पाण्याच्या नळीने, निळ्या दोऱ्याने, सगळीकडे सलग. नवी फरशी किती जाड, खाली किती मसाला, हे त्यासाठी त्याला आधी ठरवावंच लागतं, आणि तोच खरा फायदा. यानंतर प्रत्येक उंची त्या रेघेपासून सांगायची: "गिझरचा पॉइंट रेघेच्या तीन फूट वर." "ओट्याची वरची पातळी रेघेच्या पाच इंच खाली." मीटर म्हणजे साधारण ३९ इंच, म्हणजे ओटा ३४ इंच झाला.

एककाचाही गोंधळ असतो. मॉड्युलर किचनवाला मिमीमध्ये बोलतो, गवंडी फूट-इंचात, आणि सुतार 'सूत' म्हणतो, म्हणजे इंचाचा आठवा भाग. "दोन सूत कमी पडतंय" म्हणजे पाव इंच, साधारण सहा मिमी. फ्रिजच्या कप्प्यात हे सहा मिमी जड जातात. महत्त्वाची मापं दोन्ही एककांत भिंतीवरच लिहा. तसंही तिथे पुट्टी लागणार आहे. तुमच्या वहीतलं माप साइटवर दिसत नाही, भिंतीवरचं दिसतं. अक्षरं मोठी आणि आकडे सुटे काढा. बऱ्याच कारागिरांना मराठी वाचता येत नाही, आकडे आणि बाण सगळ्यांना कळतात.

६. संध्याकाळचा मेसेज

साइटवर बोललेलं त्याच संध्याकाळी लेखी पाठवा. व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसा आहे: तुम्ही, काँट्रॅक्टर, मुकादम. घरातल्या आठ जणांना त्यात घेऊ नका, नाहीतर माप शोधताना सुप्रभातचे फोटो चाळावे लागतात. व्हॉइस नोटही नको. पंधरा दिवसांनी कोणी ती पुन्हा ऐकत नाही. मेसेज असा असावा:

"अमुकभाऊ, आज साइटवर ठरलेलं: मोठ्या बाथरूममधला गिझर खिडकीच्या भिंतीवरून दाराच्या उजव्या भिंतीवर. पॉइंट लेव्हलच्या रेघेपासून ३ फूट वर, कोपऱ्यापासून १४ इंच. वाढीव खर्च पाइप, वायर, मजुरी धरून ३,८०० रुपये, पुढच्या बिलात. यामुळे टाइलचं काम गुरुवारऐवजी शुक्रवारी सुरू. बरोबर असेल तर ओके लिहा."

यात काय, कुठे, किती, कधी, कोणाच्या खिशातून, सगळं आलं. 'ओके' आलं की तो करार झाला. नाही आलं तर सकाळी फोन करून, "भाऊ, काल मेसेज केलाय तो बघून घ्या, मग माणसं लावा" एवढं म्हणा. पहिल्या आठवड्यात त्याला हे जरा जड वाटेल. दुसऱ्या आठवड्यात तोच तुम्हाला मेसेज करायला लागतो, कारण त्याचीही वाढीव कामं बुडत नाहीत.

नव्या कल्पना शक्यतो रात्री साडेदहाला पाठवू नका. सकाळी नऊ-साडेनऊला, माणसं कामाला लागण्याआधी, किंवा संध्याकाळी ती हात धुताना, या दोन वेळा साइटवर खरं बोलणं होतं. भर दुपारी मसाला कालवलेला असताना कोणाला थांबवून चर्चा करणं त्याच्या मालाला आणि तुमच्या फरशीला, दोन्हींना महागात पडतं.

७. 'होऊन जाईल'चं काय करायचं

काही वाक्यं प्रत्येक साइटवर ऐकू येतात. ती टाळाटाळ असतातच असं नाही. बऱ्याचदा समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून दिलेला होकार असतो. चिडण्याऐवजी त्यात आकडे भरून घ्या.

"होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका." यावर: "नाही घेत. फक्त कोण करणार आणि कुठल्या वारी, तेवढं सांगा."

"उद्या माणूस पाठवतो." यावर: "कुठला? प्लंबर ना? किती वाजता? त्याला लागणारं मटेरियल साइटवर आहे का, की येऊन मग यादी देणार?" प्लंबर आला, एल्बो नाही म्हणून परत गेला, असा दिवस सगळ्यात महाग.

"साइटवर बघू." हे योग्य उत्तर असू शकतं, भिंत उघडल्याशिवाय आतला पाइप कळत नाही. पण बघायचा दिवस ठरवून घ्या.

"एवढं तर सगळीकडे असतं." इथे वाद घालू नका. लेव्हलची पट्टी, गुण्या (काटकोन बघायला) किंवा ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का बघायला) मागवा आणि दोघांनी मिळून लावून बघा. पट्टीखाली फट दिसली की बोलायची गरज उरत नाही.

आता आपली बाजू. "तुम्ही अनुभवी आहात, तुम्हीच बघा" म्हणायचं आणि झाल्यावर "असं नको होतं" म्हणायचं, हा मालकांचा लाडका खेळ आहे. दुसरा म्हणजे "जाता जाता तेवढं करून टाका": एक खिळा, एक शेल्फ, बाल्कनीतला एक नळ. काँट्रॅक्टर नाही म्हणत नाही, पण तो हिशेब कुठेतरी भरून निघतोच, बहुधा पुट्टीच्या हातांतून. छोटं काम असलं तरी "याचे किती?" विचारा. तो स्वतःहून "राहू द्या हो" म्हणाला तर गोष्ट वेगळी.

८. 'दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही'

रोज साइटवर उभं राहणं नोकरदाराला जमत नाही आणि गरजही नाही. पण काही टप्पे असे असतात की त्यानंतर काम झाकलं जातं. ते करारात लिहा, आणि काँट्रॅक्टरला सांगा की या वेळी एक दिवस आधी कळवायचं.

झिऱ्या (पाइप-वायरींसाठी भिंतीत पाडायचे चर) मारण्याआधी: सगळे इलेक्ट्रिक आणि पाण्याचे पॉइंट खडूने भिंतीवर काढलेले. मोबाइल चार्जर, वायफाय, इन्व्हर्टर, आरओ, वॉशिंग मशीन, देवघराचा दिवा, सगळं तिथे उभं राहून बघा. पलंग जिथे येणार तिथे चिकटपट्टीने जमिनीवर आखा, म्हणजे उशीजवळचा स्विच उशीजवळ येतो.

झिऱ्या बुजवण्याआधी: पाइपांना दाब देऊन गळती तपासलेली, आणि प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो. हे फोटो पुढची वीस वर्षं ड्रिल मारताना लागतात.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर बाथरूममध्ये पाणी भरून किमान ४८ तास ठेवायचं. पाणी कुठवर होतं तिथे रेघ मारून फोटो घ्या, आणि खालच्या काकूंकडे जाऊन त्यांच्या छताचा आधीचा व नंतरचाही. काँट्रॅक्टर घाईत असेल तर याच टप्प्यावर वेळ वाचवायला बघतो. इथे मात्र हसून पण ठाम: "भाऊ, दोन दिवस उशीर माझ्या नावावर लावा, पण पाणी राहणार."

टाइल लावण्याआधी: पेट्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते बघा. मग पाच-सहा टाइल मसाल्याशिवाय मांडून दाखवायला सांगा. विचारायचा प्रश्न एकच, "तुकडा कुठे येणार?" कापलेली पट्टी दारासमोर येते की कपाटामागे, हे मिस्त्रीने सुरुवात कुठून केली यावर ठरतं, आणि ती तो आपल्या सोयीने करतो. बाथरूमचा उतार फुटाला साधारण ३ मिमी हवा. जाळीच्या चारी बाजूंनी तांब्याभर पाणी ओतून बघा. बसलेल्या टाइलवर नाण्याने ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथे खडूची फुली मारायची, बोलायचं काही नाही.

सुतारकामात लॅमिनेट चिकटवण्याआधी प्लायवरचा शिक्का बघून फोटो. रंगात पुट्टीवर बाजूने दिवा धरून भिंत बघा, समोरून सगळ्याच भिंती गुळगुळीत दिसतात. शेडचा नंबर डब्यावरून लिहून ठेवा.

९. पैशांचं बोलणं

पैशांबद्दल संकोचून बोललं की गैरसमज होतात. हप्ते तारखेवर नको, कामाच्या टप्प्यावर बांधा. एक विभागणी अशी: ॲडव्हान्स १५ टक्के, तोडफोड आणि आतले पाइप-वायरी तपासून झाल्यावर २०, वॉटरप्रूफिंग, टाइल, ओटा झाल्यावर २०, सुतारकामाला २५, रंग झाल्यावर १०, आणि शेवटचे १० राहिलेली कामं पूर्ण झाल्यावर, त्यातलेही काही जमलं तर एक पावसाळा बघून. पावसाळ्यापर्यंत थांबायला सगळे तयार होणार नाहीत, पण विचारायला हरकत नाही.

शनिवारी फोन येणार, "साहेब, लेबरला खर्ची द्यायची आहे." हे खोटं नसतं, मजुरांचा आठवडा तिथेच फिरतो. द्यायचे असतील तर पुढच्या हप्त्यातली उचल म्हणून द्या आणि लगेच मेसेज टाका: "आज १५,००० दिले, टाइलच्या हप्त्यातून. आजवर एकूण २,२५,०००." एकूण आकडा प्रत्येक वेळी लिहिला की शेवटच्या बिलाला भांडण उरत नाही. सुताराला किंवा प्लंबरला परस्पर पैसे कधीच देऊ नका. काँट्रॅक्टरचा त्याच्यावरचा वचक तिथेच संपतो.

उलट बाजूही आहे. टप्पा झाला, तुम्ही तपासला, तर त्याच दिवशी पैसे द्या. वेळेवर पैसे देणाऱ्या साइटवर चांगली माणसं पाठवली जातात, हे कोणताही काँट्रॅक्टर खासगीत कबूल करतो. आणि पिण्याचं पाणी, वापरायला एक संडास, अधूनमधून चहा. ही कृपा नाही, आठ तास काम करणाऱ्याची साधी गरज आहे.

१०. चूक निघाली तर

त्याच्या माणसांसमोर ओरडू नका. मुकादमाचा पाणउतारा झाला की उद्या तो तुमचं काम करेल, पण बघणार नाही. काँट्रॅक्टरला बाजूला घ्या, फोटो दाखवा, करारातली ओळ दाखवा, आणि "हे कधीपर्यंत दुरुस्त होईल?" विचारा. 'का झालं' यात शिरू नका. तिथे प्लंबर इलेक्ट्रिशियनला आणि इलेक्ट्रिशियन सुताराला दोष देतो.

सगळंच पाडून परत करण्यासारखं नसतं. सांधा दोन मिमी तिरका असेल तर तो सोडून त्या बदल्यात दुसरं काही करून घेणं शहाणपणाचं. पण पाणी, वीज आणि उतार यांत तडजोड नको.

काम मध्येच सोडलं, फोन उचलत नाही, अशी वेळ आली तर आधी लेखी पत्र: काय झालं, काय राहिलं, किती दिले, किती दिवसांत माणसं लावायची. स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवरही. साइटचा व्हिडिओ काढून मापं घेतल्याशिवाय दुसरा काँट्रॅक्टर आत आणू नका, नाहीतर कोणाचं काम कुठवर होतं हे सिद्ध होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि कामाची दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. त्या दिवशी कामाला येतात ते संध्याकाळचे मेसेज.

११. ताबा घेताना

दिवसाउजेडी, काँट्रॅक्टरसोबत, खोली खोली फिरून एकच यादी करा. तुकड्या-तुकड्याने रोज एक दोष कळवू नका. सुतार एका बिजागरीसाठी शहराच्या त्या टोकावरून येत नाही, सात कामं असली की येतो. यादी कारागिरावार लावा: सुताराचं, प्लंबरचं, पेंटरचं. प्रत्येकासमोर तारीख, खाली दोघांची सही. प्रत्येक नळ पूर्ण उघडून पाच मिनिटं सोडा, सगळे दिवे-पंखे एकदम लावून बघा, मेन बोर्डवरच्या आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून ती पडते ना ते पाहा, आणि प्रत्येक एमसीबीवर (जास्त भार आला की पडणाऱ्या छोट्या स्विचवर) खोलीचं नाव त्याच्याकडूनच लिहून घ्या.

शेवटचा हप्ता देताना हे हातात असू द्या: आतल्या पाइप-वायरींचे फोटो, वॉटरप्रूफिंगची लेखी हमी, फिटिंगची वॉरंटी कार्डं, रंगाचे शेड नंबर, टाइलचं नाव आणि बॅच, प्लंबर व इलेक्ट्रिशियनचे नंबर. उरलेल्या टाइलची निदान एक पेटी माळ्यावर ठेवा; तीच शेड दोन वर्षांनी दुकानात मिळत नाही. राडाऱ्याची शेवटची खेप गेल्यावर जिना आणि लिफ्ट धुऊन घेणं कोणाकडे, हेही त्याच दिवशी विचारा, कारण सोसायटीचं डिपॉझिट त्यावर अडतं.